टॅपेट वाजायची वाट बघू नका! मोटरसायकलची व्हॉल्व गॅप कधी तपासायची?

कोल्हापूर : "टॅपेट वाजायलंय, जरा टाईट करा," असं आपल्याकडं कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतं. पण वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा जास्त नुकसान करतं ते आवाजच न करणारं टाईट टॅपेट. म्हणून तपासणी आवाजावर नको, किलोमीटर आणि गाडीचं काम बघून ठरवा.

गॅप कशासाठी?

साध्या १००-१२५ सीसी गाडीला दोन व्हॉल्व असतात. एक पेट्रोल-हवा आत घेतो, दुसरा जळालेला धूर बाहेर सोडतो. व्हॉल्वचं टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात केसभर गॅप ठेवलेली असते. तापल्यावर धातू वाढला तरी व्हॉल्व पूर्ण बंद व्हावा, म्हणून ही जागा. ज्यांच्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं, त्यांना हे नवीन नाही.

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला ५० वेळा उघडतो. त्यामुळं झीज होतेच. रॉकर किंवा कॅम झिजला की गॅप वाढते आणि टकटक ऐकू येते. पण व्हॉल्वची बैठक झिजली तर व्हॉल्व वर सरकतो आणि गॅप कमी होते. तेव्हा आवाज येत नाही, उलट गाडी शांत वाटते. धुराचा व्हॉल्व बंद असताना बैठकीला टेकूनच थंड होतो. तो नीट टेकलाच नाही तर जळतो.

कधी तपासायची?

- नव्या गाडीची पहिल्या सर्व्हिसिंगला.
- त्यानंतर गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, शेजाऱ्याच्या गाडीचा धरू नका.
- हेडचं काम झाल्यावर थोडी गाडी चालवून परत एकदा.
- गरम गाडी लवकर चालू होत नसेल, स्लोवर बंद पडत असेल, चढाला ओढत नसेल किंवा अ‍ॅव्हरेज पडलं असेल तर लगेच.

मीटर बंद असेल तर?

पेट्रोलवरून हिशेब करा. महिन्याला २० लिटर जात असेल आणि अ‍ॅव्हरेज ५० असेल तर १,००० किलोमीटर झाले. दुधाचे कॅन, वैरण, खताची पोती घेऊन गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या चढाला पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालणाऱ्या गाडीला अ‍ॅव्हरेज कमी मिळतं. तरी तिचाही हिशेब ५० नेच धरा. किलोमीटर कमी दिसले तरी इंजिनानं मेहनत तेवढीच केलेली असते.

तपासताना काय बघायचं?

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. गाडी चालवत नेऊन लगेच सेटिंग केलं तर माप चुकतं. आदल्या रात्री गाडी गॅरेजला लावा आणि सकाळी चालू करायच्या आधी काम करायला सांगा. पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व बंद, अशा जागेवर इंजिन आणून फिलर गेजनं माप घ्यायचं. नुसत्या हाताच्या अंदाजावर नको. दोन्ही व्हॉल्वचं माप वेगळं असू शकतं, तेही पुस्तकात बघा.

"आवाज बंद करून द्या" असा हट्ट मेकॅनिकजवळ धरू नका. माप बरोबर असताना येणारी हलकी टिकटिक चालते. आवाज टायमिंग चेनचाही असू शकतो. तिथं टॅपेट आवळून उपयोग नाही, नुकसान मात्र होतं.

सगळ्या गाड्या सारख्या नाहीत

रॉयल एन्फिल्डच्या युसीई इंजिनाच्या बुलेट-क्लासिकला हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांची गॅप हातानं सेट करावी लागत नाही. केटीएम ड्यूक ३९० ला स्क्रूऐवजी शिम असतात. ते काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

टॅपेट सेटिंग सर्व्हिसिंगबरोबर सकाळच्या वेळात उरकतं. व्हॉल्व जळला तर मात्र हेड उतरवावं लागतं, नवा व्हॉल्व घालावा लागतो, गाडी उभी राहते आणि डेअरीला दूध न्यायची अडचण होते. म्हणून तपासणीची तारीख आणि किलोमीटर सर्व्हिस बुकात किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा.