साक्ष की सत्ता? ख्रिस्ती श्रद्धेची नागरी कसोटी

स्वारगेटच्या एसटी स्थानकातून पेठांकडे चालत निघालं, की थोड्याच वेळात गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा दिसतो. देवालय १८८५चं, पुणेकर या साऱ्या परिसराला पंचहौद मिशन म्हणतात. १८९०च्या ऑक्टोबरात इथे व्याख्यानानंतर रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी तशीच ठेवली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांच्या निवाड्यापर्यंत गेलं. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं.

ही गोष्ट जातीच्या कर्मठपणाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक प्रश्न आहे. परधर्मीयाशेजारी बसून चहा पिता येणं ही नागरिकत्वाची पहिली पायरी. ती मिशनने बांधून दिली. मात्र बांधताना धर्मप्रसाराची आशाही मनात होती. आतिथ्य कुठे संपतं आणि प्रसार कुठे सुरू होतो? श्रद्धेने सार्वजनिक जीवनात यावं की नाही, यापेक्षा ती कोणत्या रूपाने येते हे आधी पाहायला हवं.

ती दोन रूपांनी येते. एक सत्तेचं: आमच्या माणसांना जागा द्या, आमचे नियम सर्वांना लावा. दुसरं साक्षीचं. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘साक्ष देणं’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे; उपासनेत माणूस उभा राहतो आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतो. कोर्टातही साक्षच असते, पण तिथे उलटतपासणी होते. नागरी जीवनात श्रद्धेची साक्ष या कोर्टातल्या प्रकारची असावी लागते. ‘देवाने सांगितलं’ एवढ्यावर ती संपत नाही. काय पाहिलं, कुणाचं काय झालं, हे पुढे ठेवावं लागतं आणि त्याची किंमत मोजावी लागते.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण पुण्यातलंच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. त्याआधी, १८८२ साली, त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टरांची मागणी केली होती. म्हणजे धर्मांतराने त्यांना नवा प्रश्न दिला नाही. जुन्याच प्रश्नाला नवं बळ दिलं. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवा मुलींसाठी काढलेलं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. मग १८९७चा प्लेग आला. रँडसाहेबाच्या प्लेग समितीचे सोल्जर घराघरांत शिरू लागले. सदनातली एक मुलगी सरकारी इस्पितळात गेली आणि परत आली नाही. ती तिथल्या एका पहारेकऱ्याच्या तावडीत सापडली, असा रमाबाईंचा आरोप होता. त्यांनी तो मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर केला. पत्र ख्रिस्ती, सरकारही ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं. सरकारने आरोप धुडकावले. प्लेगच्या बंदोबस्तातल्या अत्याचारांविषयी विलायतेत बोललेल्या गोखल्यांना परतल्यावर जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपला शब्द मागे घेतला नाही.

इथे श्रद्धेने काय केलं ते नीट पाहू. एका मुलीची गणती हरवू दिली नाही. शंभर मेंढरांतलं एक हरवलं तर नव्व्याण्णव सोडून त्याला शोधायला जाणारा मेंढपाळ ज्यांच्या धर्मग्रंथात आहे, त्यांना ‘एवढ्या मोठ्या साथीत असं व्हायचंच’ हे उत्तर पटणार नाही. आणि स्वधर्मीय सरकारलाही या श्रद्धेने सूट दिली नाही. श्रद्धेच्या नागरी आरोग्याची कसोटी मी यालाच मानतो.

याच रमाबाईंवरचा आक्षेपही टाळता येणार नाही. १८९३ साली पालकांनी सदनातून मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तक्रार अशी, की धर्माबाबत तटस्थ राहायचं ठरलं असताना मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत होत्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण दारही लावून घेणार नाही. जबरदस्ती नव्हती हे मला मान्य आहे. तरी जिला दुसरं छप्परच नाही, तिच्यापुढचं उघडं दार पुरतं उघडं नसतं. आश्रय देणाऱ्याने हे विसरून चालत नाही, तो कोणत्याही धर्माचा असो. पण याच सदनातली गोदूबाई हिंदूच राहिली, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि कर्व्यांनी पुढे १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. रमाबाईंच्या श्रद्धेचं हे फळ चर्चच्या कोणत्याही नोंदवहीत बसणारं नाही.

पुढची उदाहरणं थोडक्यात. संविधान सभेत ख्रिस्ती सदस्यांनी राखीव जागांचा आग्रह सोडला. एका अल्पसंख्य समाजाने सत्तेची वाट आपणहून नाकारली. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून जमीन आणि पाणी वाचवण्यासाठी उभे राहिले. ते पाणी काही फक्त कॅथलिकांच्या विहिरीतलं नव्हतं. उलट बाजूही आहे. चर्चमध्ये जात शिरली आणि टिकली. बाकावर शेजारी बसणारी माणसं सोयरिकीच्या वेळी जात विचारतात. जी मंडळी घरातल्या अन्यायावर साक्ष देत नाही, तिची बाहेरची साक्ष लोक का ऐकतील?

२५ फेब्रुवारी २०२५च्या पहाटे स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. सरकारी आवारात, सरकारी गाडीत. प्रश्न १८९७चाच आहे: शासनाच्या भरवशावर आलेल्या बाईची जबाबदारी कुणाची? पंचहौदाचं देवालय इथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या आणि पुण्यातल्या प्रत्येक मंडळीला माझी विनंती आहे. या तरुणीसाठी प्रार्थना जरूर करा, पण त्याबरोबर आगार-व्यवस्थापकाला पत्रही लिहा: रात्री दिवे किती लागतात, पहारेकरी किती असतात, उभ्या गाड्यांना कुलूप कोण लावतं? उत्तर आलं नाही, तर पुन्हा लिहा.