नाव कोपनहेगनचं, वस्तू ओस्लोची

१९६६ साल सरत आलं होतं आणि ओस्लोमध्ये दोन माणसं एका टोलनाक्यापाशी अडली होती. नाका कागदावरचा. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर हे दोघं नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये सिम्युला नावाची भाषा घडवत होते. खऱ्या जगातल्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर चालवून बघता यावी, हा तिचा मूळ हेतू. पुलाजवळच्या नाक्यावर रांग लागते; तीत ट्रक असतात, बसही असतात. ट्रकचं वर्णन वेगळं, बसचं वेगळं, पण रांगेत उभं राहणं दोघांचं सारखंच. मग तेवढा भाग दोनदा कशाला लिहायचा?

सामाईक गोष्टी एका वर्गात ठेवायच्या आणि ट्रक, बस हे त्याचे उपवर्ग करायचे, अशी तोड त्यांनी काढली आणि मे १९६७मध्ये ओस्लोतल्याच लिसेबू इथल्या परिषदेत मांडली. त्याच वर्षीच्या ‘सिम्युला ६७’मध्ये ‘व्हर्च्युअल’ प्रोसीजरही आली. खरी गंमत तिच्यात आहे.

समजा, नाक्यावरचा कारकून येईल त्या वाहनाला एवढंच म्हणतो, ‘तुझा टोल सांग.’ ट्रक आपल्या वजनावरून हिशोब करतो, बस आपला ठरलेला दर सांगते, रुग्णवाहिका शून्य म्हणते. समोर कोण आलंय, हे कारकुनाला विचारावंच लागत नाही. एरवी त्याला ‘ट्रक असेल तर हे, बस असेल तर ते’ अशी जंत्री सांभाळावी लागली असती आणि उद्या एखादी क्रेन रांगेत आली की तीत आणखी एक ओळ घुसवावी लागली असती. अशा जंत्र्या एका प्रोग्रॅममध्ये वीस ठिकाणी असतात, आणि एकोणिसाव्या ठिकाणी ती ओळ हमखास राहून जाते. आता क्रेन आपला हिशोब आपल्यासोबत घेऊन येते.

आज याला पॉलिमॉर्फिझम, म्हणजे बहुरूपता, म्हणतात; ओस्लोकरांनी तसं म्हटलं नव्हतं. हा शब्द ग्रीक मुळांचा, अर्थ ‘अनेक रूपं असणं’. खनिजशास्त्रात तो आधीपासून रुळलेला होता. प्रोग्रॅमिंगमध्ये तो रुजवला ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी. मँचेस्टरच्या संगणकाकडून १९५२मध्ये प्रेमपत्रं लिहवून घेणारे ते हेच गृहस्थ! ऑगस्ट १९६७मध्ये, म्हणजे लिसेबूनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, कोपनहेगनच्या उन्हाळी वर्गात त्यांनी बहुरूपतेचे दोन प्रकार सांगितले. अधिकचं चिन्ह पूर्णांकांना एक कृती लावतं, अपूर्णांकांना दुसरी. हा पहिला प्रकार, कामचलाऊ. दुसरा जास्त शिस्तीचा: यादीची लांबी मोजणाऱ्या फलनाला यादीत काय भरलंय याच्याशी घेणंदेणं नसतं. या दोन्हींत ट्रक-बस कुठेच नव्हते. त्या व्याख्यानांची टिपणं हस्ते परहस्ते फिरत राहिली आणि थेट २०००मध्ये छापली गेली. तोवर स्ट्रेची यांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

कोपनहेगनचं नाव आणि ओस्लोची वस्तू एका घरात नांदू लागली त्याला १९८५ उजाडलं. लुका कार्डेली आणि पीटर वेग्नर यांनी आपल्या लेखात बहुरूपतेची वंशावळ मांडली आणि तीत वर्ग-उपवर्गांच्या घराण्यालाही स्वतंत्र जागा दिली.

वस्तू मात्र नावासाठी थांबली नव्हती. केंब्रिजला सिम्युला वापरलेले ब्यार्ने स्त्रोस्त्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये ती सी भाषेच्या वेगाशी जुळवली. १९८३मध्ये व्हर्च्युअल फंक्शन्स त्यांच्या सी प्लस प्लस या भाषेत आली, शब्दही सिम्युलाचाच. पोटातली यंत्रणा साधी आहे. प्रत्येक वस्तू आपल्या वर्गाच्या तक्त्याचा पत्ता बाळगते, तक्त्यात फंक्शन्सचे पत्ते असतात. हाक आली की तक्ता बघायचा आणि तिथे उडी मारायची. किंमत एका हेलपाट्याएवढी.

मराठीत बहुरूपता म्हटलं की पोलिसाच्या वेषात दारात उभा राहणारा बहुरूपी आठवतो. उपमा गोड, पण फसवी. बहुरूपी एकच असतो आणि सोंगं अनेक घेतो. इथे ट्रक ट्रकच राहतो, बस बसच. एक असते ती हाक. रूपं तिच्या उत्तरांची.

नोकरीच्या मुलाखतीत आजही विचारतात, ‘पॉलिमॉर्फिझमचे प्रकार किती?’ उमेदवार घोकलेले दोन सांगतो, ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंग. म्हणजे स्ट्रेचींचा कामचलाऊ आणि ओस्लोचा टोलनाका. स्ट्रेचींचा शिस्तीचा प्रकार यात राहूनच जातो. जावाच्या घरीही तो उशिराच पोचला: २००४मध्ये, जेनेरिक्स या नावाने.