तळघराचा वास

20 ऑक्टोबर 1660 रोजी सॅम्युएल पेप्स हा आरमार खात्यातील अधिकारी लंडनमधील आपल्या घराच्या तळघरात उतरला. एका शेजाऱ्याने तळघराची खिडकी बुजवून टाकली होती. तिच्याऐवजी नवी खिडकी कोठे काढावी हे पाहायचे होते. तेथे त्याचा पाय मैल्याच्या ढिगात पडला. टर्नर नावाच्या दुसऱ्या शेजाऱ्याचा शौचकूप भरून पेप्सच्या तळघरात वाहत आला होता. त्रास झाला, पण बंदोबस्त करून घेऊ, एवढे नोंदवून पेप्स रोजनिशीत पुढच्या विषयाकडे वळतो. 1825 साली प्रथम छापून आलेल्या या रोजनिशीची कीर्ती प्लेग आणि लंडनची आग यांच्या वर्णनांमुळे आहे. आम्हाला मात्र ही तळघराची नोंद तितक्याच मोलाची वाटते. आपली घाण आपल्या घरातून गेली म्हणजे ती संपली असे नव्हे, ती दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीवर जाते, हे तीत आयतेच आले आहे.

त्या काळच्या लंडनमध्ये घराखाली किंवा परसात विटांचा शौचकूप असे. तो रात्री उपसणारी माणसे वेगळी होती, आणि उपसलेला मैला शहराभोवतीच्या शेतांना खत म्हणून विकला जाई. शहर वाढले, शेते लांब गेली, उपसण्याचा खर्च परवडेना. तेव्हा घरोघरचे कूप तसेच भरून राहू लागले. 1775 साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचपात्राखालच्या नळाला वळण देण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. वळणात थोडे पाणी कायम साचून राहते. वरून आलेले पाणी त्याला ढकलून पुढे जाते, पण खालची हवा वर येऊ शकत नाही. युक्ती एवढीच, पण तिने घराचे दोन भाग केले : पाण्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. पलीकडे काय चालले आहे हे कळवणारा वास हा एकच निरोप्या होता, आणि त्यालाच दारात अडवले गेले.

अडवण्यामागे केवळ नाजूकपणा नव्हता. दुर्गंधी हाच रोग आहे, अशी विद्वानांचीही समजूत होती. सार्वजनिक आरोग्याचा धुरंधर पुरस्कर्ता एडविन चॅडविक याने 1846 साली पार्लमेंटच्या समितीपुढे जवळजवळ याच शब्दांत साक्ष दिली. या विचाराच्या प्रभावाखाली 1848 नंतर लंडनचे शौचकूप बंद करून घरे गटारांना जोडण्याची मोहीम निघाली आणि सुमारे सहा वर्षांत 30 हजार कूप बंद झाले. घरे स्वच्छ झाली. मैला थेम्स नदीत गेला. आणि शहरातल्या कितीतरी लोकांचे पिण्याचे पाणी त्याच नदीतून येत होते. 1848–49 च्या पटकीने लंडनमध्ये सुमारे 14 हजार माणसे नेली. घाणीचा पत्ता नाकाने बरोबर सांगितला होता, तिने माणूस कसा मरतो हे मात्र त्याला ठाऊक नव्हते.

याचा सर्वांत कठोर दाखला सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीटवर मिळाला. 1854 च्या ऑगस्टअखेरीस 40 क्रमांकाच्या घरात पाच महिन्यांची एक मुलगी आजारी पडली. आईने तिचे मळके कपडे धुतलेले पाणी घरासमोरच्या तळमजल्यातील शौचकुपात ओतले. त्याच्या भिंतीच्या विटा निखळल्या होत्या, आणि तेथून तीन फुटांच्या आत सार्वजनिक पंपाची विहीर होती. त्या साथीत वस्तीतील 600 हून अधिक माणसे दगावली. जॉन स्नो या डॉक्टरने बोट दाखवले ते या पंपाकडे. पण त्या घरापर्यंत माग काढला तो हेन्री व्हाइटहेड या पाद्र्याने, आणि तोही स्नोचे म्हणणे खोडून काढण्यासाठीच शोधाला लागला असताना. पंपाच्या पाण्याला वाईट चव असल्याची तक्रार नव्हती. उलट, पूर्वी त्या वस्तीत राहिलेल्या एका विधवा बाईला ते इतके आवडे, की हॅम्पस्टेडला तिच्याकडे ते रोज गाडीने पोहोचवले जाई. तीही त्या साथीत गेली. रोग निर्गंध होता.

1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज अवघड झाले, तेव्हा बॅझलजेटच्या मोठ्या गटारांसाठी कायदा तातडीने संमत झाला. चुकीच्या सिद्धान्ताने बरोबर काम करून घेतले, असा हा विरळा प्रसंग आहे. ही गटारे झालेल्या भागांतून पटकी हटली. पण घरोघर नळ जोडले गेल्यावर भीतीने नवा वेष घेतला : ‘गटारवायू’. 1871 साली युवराज विषमज्वराने मरणाच्या दारी पोहोचला, तेव्हा दोष तो ज्या घरी पाहुणा होता तेथील गटारांना दिला गेला. 1878 साली लीड्सच्या प्रिजिन टील या शल्यवैद्याने घरातील नळांचे दोष दाखवणारे सचित्र पुस्तकच काढले. गळती शोधण्याची त्या काळची एक रीत मजेदार आहे. घराबाहेर नळाच्या वरच्या टोकात पुदिन्याचे तेल आणि गरम पाणी ओतायचे, आणि दुसऱ्याने घरात हिंडून तो वास कोठे येतो ते हुंगायचे. ओतणाऱ्याने घरात पाऊल टाकायचे नाही, कारण त्याच्या अंगालाच पुदिना लागलेला. लंडनच्या सधन घरांत स्वयंपाकघर आणि भांडी घासण्याची मोरी तळघरातच असे. तेव्हा त्या वासात दिवस काढणारे बहुधा नोकर होते, मालक नव्हेत, ही गोष्ट हा इतिहास सांगताना सहसा सुटते.

तळघरालाच हा त्रास अधिक का, याचे उत्तर साधे आहे. मुख्य नळ तुंबला की पाणी सर्वांत खालच्या तोंडातून वर येते. न वापरलेल्या मोरीच्या वळणातले पाणी काही आठवड्यांत सुकते. आणि वरून जोराने पडणारे पाणी वाटेतल्या वळणातले पाणी ओढून नेते. म्हणून तर हवेचा उभा नळ छपरापर्यंत न्यावा लागतो.

हे वळण इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडे आले आणि येथे त्याला एक मराठी नाव चिकटले. भारतातील स्थापत्यशास्त्राच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत जमिनीतल्या मोरीच्या जाळीखालील पात्राला आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी परभाषेत गेली ती अशा वाटेने. भाषेच्या प्राध्यापकांनी या शब्दाची दखल घ्यायला हरकत नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींमागची ‘हाऊस गल्ली’ हा त्याच व्यवस्थेचा दुसरा शब्द. त्या गल्लीतून हलालखोर येत, मैल्याच्या टोपल्या नेत, आणि घरातल्यांना ते दिसू नयेत अशीच तिची रचना होती. पुढे भूमिगत नळ आले. नळ साफ करणारी माणसे बहुतांशी त्याच जातींतली राहिली.

पाण्याच्या पलीकडे उतरणाऱ्या या माणसांच्या बाबतीत नाकाची फसवणूक उलट्या दिशेने होते. तेथे हवा खरोखरच मारते. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू दहा लाख भागांत सुमारे 100 भागांवर गेला, की घ्राणेंद्रिय बधिर होते. वास थांबतो आणि वायू वाढत राहतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. 1993 पासून असे मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी 10 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले. ऑक्टोबर 2023 मध्ये ही रक्कम 30 लाख केली. वृत्तपत्रांतल्या या बातम्यांत मृतांचा आकडा पुष्कळदा एकच नसतो. पहिला उतरलेला हाकेला ओ देत नाही, म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो. त्यालाही टाकीत वास फारसा जाणवत नाही.