औषध आईच्या हाती : बनगावची हकीकत

वैद्यकीय सेवेच्या इतिहासात डॉक्टरांची नावं राहतात, आणि ती राहायलाच हवीत. पण त्या डॉक्टरांच्या मागे पाणी भरणारे, पुड्या बांधणारे, रात्रभर रोग्याच्या उशाशी बसणारे जे हात असतात, त्यांची नोंद फारशी कुठे होत नाही. आरोग्य शिबिरात आम्ही सतरंज्या अंथरतो, नावं लिहून घेतो, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून डॉक्टरांपुढे नेतो. अशा वेळी आमच्यातलाच कोणीतरी विचारतो, "आपण काही डॉक्टर नाही, मग आपला उपयोग तो काय?" प्रश्न रास्त आहे. १९७१ सालच्या एका हकीकतीत त्याचं उत्तर सापडतं, म्हणून ती आपल्या बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे भारताच्या हद्दीत येऊ लागले. वर्षअखेरीस निर्वासितांचा आकडा एक कोटीच्या घरात गेला. कोणी शाळेत राहिलं, कोणी झाडाखाली, तर कोणी सिमेंटच्या मोठमोठ्या नळांमध्ये संसार मांडला. त्यात पावसाळा आला. पिण्याचं पाणी आणि मैला एक झाला आणि छावण्यांत कॉलरा, म्हणजे आपल्या जुन्या माणसांची पटकी, पसरली.

कॉलऱ्यात जुलाब-उलट्यांवाटे अंगातलं पाणी आणि क्षार झपाट्याने निघून जातात. धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. त्या वेळचा मान्य उपाय म्हणजे शिरेतून सलाईन. त्याला बाटल्या हव्यात, निर्जंतुक सुया हव्यात, शीर शोधणारा शिकलेला हात हवा. लाखोंच्या छावणीत हे सगळं आणायचं कुठून?

पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगाव नावाचं गाव आहे. त्याच्या आसपास सुमारे साडेतीन लाख निर्वासित उतरले होते. तिथल्या लहानशा इस्पितळात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या आणि १६ खाटा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं एक संशोधन केंद्र तेव्हा कलकत्त्यात होतं. तिथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस २४ जूनला आपली तुकडी घेऊन बनगावला पोचले. खाटा भरलेल्या आणि जमिनीवरही रोगीच रोगी. घाणीत गुडघे टेकून सलाईन लावावं लागे. दोनच दिवसांत डॉक्टरांच्या ध्यानात आलं की या वाटेने आपण हरणार. सलाईन पुरत नव्हतं आणि ते लावू शकणारी माणसं तुकडीत जेमतेम दोन होती.

तोंडाने क्षारपाणी पाजून रोगी वाचू शकतो, हे शास्त्राला अगदीच नवं नव्हतं. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये १८६ रोग्यांवरील असा अनुभव प्रसिद्ध केला होता. पुढे आतड्यात साखर आणि मीठ जोडीने शोषले जातात, साखर मिठाला आत घेऊन जाते आणि पाठोपाठ पाणीही जातं, हे कळलं. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत त्याचे चांगले प्रयोगही झाले. पण हे सारं इस्पितळात, जाणत्यांच्या देखरेखीखाली, मोजमाप करून. अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसांच्या हाती हा उपाय मोकळा सोडावा, असं धाडस कोणी केलं नव्हतं.

बनगावात ते करावं लागलं. कलकत्त्याच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत कारखाना सुरू झाला. एकाने ग्लुकोज तोलून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, दुसऱ्याने साधं मीठ, तिसऱ्याने खाण्याचा सोडा. मग गरम इस्त्रीने पिशवीचं तोंड बंद करायचं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. खर्च लिटरला ११ पैसे! पिशव्या बनगावला जात. तिथे तोटी लावलेल्या पिंपांत पाणी भरून ही पूड मिसळली जाई आणि ज्याच्या-त्याच्या नातेवाइकाने पेला भरून न्यायचा.

पाजत कोण होतं? आई, बहीण, नवरा, शेजारची म्हातारी. काल रात्री सरहद्द ओलांडून आलेली, स्वतः उपाशी असलेली ही माणसं. अगदी गलितगात्र झालेल्यांना आधी सलाईन लागेच, पण माणूस शुद्धीवर येऊन गिळू लागला की पुढचं काम घरच्यांचं. लोकांचा विश्वास सुईवर आणि बाटलीवर. म्हणून या पाण्याला नाव दिलं 'तोंडाने घ्यायचं सलाईन'. लोकांना ते पटलं.

आणि काय झालं? छावण्यांत जिथे शंभरातले ३० रोगी दगावत होते, तिथे या केंद्रावर आठ आठवड्यांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. साडेतीन हजारांवर रोगी या काळात तिथे आले होते. पूड कशी मिसळायची याची पत्रकं सीमेवर वाटली गेली, बांगलादेशाच्या गुप्त नभोवाणीवरूनही ती कृती सांगितली गेली. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ बनगावला येऊन हे काम डोळ्यांनी पाहून गेले. १९७८ मध्ये संघटनेने अतिसाराविरुद्धचा जागतिक कार्यक्रम हाती घेतला, त्याचा कणा हाच उपाय होता. त्याच वर्षी लॅन्सेट या साप्ताहिकाने विसाव्या शतकातील बहुधा सर्वांत मोलाची वैद्यकीय प्रगती म्हणून त्याचा गौरव केला. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

पण हकीकत इथे संपत नाही. निर्वासित मायदेशी परतले, त्यांच्या मदतीसाठी १९७२ मध्ये फजले हसन अबेद यांनी 'ब्रॅक' ही संस्था काढली. १९८० पासून दहा वर्षं या संस्थेच्या बायका बांगलादेशात दारोदार फिरल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांतल्या आयांना हे पाणी करायला शिकवून आल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. या कार्यकर्त्या बिनमोबदला नव्हत्या, पण मोबदल्याची रीत बघा. काही दिवसांनी दुसरा माणूस जाऊन त्याच आयांना प्रश्न विचारी, त्यांनी केलेल्या पाण्यातलं मीठ तपासून घेई. आईला जेवढं नीट आठवलं, तेवढा कार्यकर्तीचा पैसा. म्हणजे सांगून आलो, काम झालं, असं तिथे चालत नव्हतं!

सुरुवातीला शिकवूनही फार घरं हे पाणी वापरीत नव्हती. शोध घेतला तेव्हा दिसलं की खुद्द शिकवणाऱ्यांचाच त्यावर भरवसा नव्हता. शिवाय घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना आधी हा उपाय कसा चालतो ते समजावलं आणि पुरुषांनाही बैठकीत बसवलं. त्यानंतर वापर वाढला. सेवाभाव तर हवाच, पण मापही हवं, समजही हवी. मीठ जास्त झालं तर तेच पाणी लेकराच्या जिवावर बेततं.

आपल्याकडेही असं काम झालं आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील जामखेडला काम सुरू केलं. परदेशी मदत मिळाली, पण गावातलं आरोग्य सांभाळलं ते गावातल्याच बायकांनी. त्यांत अनेकजणी दलित समाजाच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं, त्यांच्याकडून बाळाचं औषधपाणी गाव शिकलं. केवढी मोठी गोष्ट ही!

सांगायचा मुद्दा असा की ज्ञान थोड्यांच्या कुलपात राहिलं तर साथीत माणसं मरतात आणि ते आईच्या हाती पोचलं तर लेकरं जगतात. ते पोचवणं हे स्वयंसेवकाचं काम आहे. आजही जगात पाच वर्षांखालील चार लाखांहून अधिक मुलं दरवर्षी जुलाबाने जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून वाचकांना एकच विनंती. सरकारी दवाखान्यात किंवा दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी घरात ठेवा, पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात मिसळा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. थोडं थोडं पाजत राहा. मूल मलूल झालं, पाणी पिईना किंवा रक्त पडू लागलं, तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या. आणि हे वाचून झाल्यावर ज्यांना वाचता येत नाही, अशा शेजारच्या एका घरी जाऊन सांगा. दोन दिवसांनी पुन्हा जा, आणि त्यांच्या किती लक्षात राहिलं ते विचारा.