साबणाच्या आधी औषध: म्हैसूरच्या चंदनाची गोष्ट

म्हैसूर सँडल म्हटलं की साबण आठवतो. पण ज्या तेलामुळे तो साबण निघाला, ते तेल एकेकाळी जगभर औषध म्हणून विकलं जात होतं. तेही कशावर? परम्यावर, म्हणजे गनोरियावर!

हे आकाशातून पडलेलं नाही. आपल्याकडे उन्हाळी लागली की आजी सहाणेवर चंदन उगाळायची. चरकसंहितेत दाहप्रशमन द्रव्यांमध्ये चंदन आहे, आणि लघवीच्या जळजळीवर चंदनासव आजही दिलं जातं. युरोपातल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात हेच तेल कॅप्सूलमध्ये भरलं. ब्रिटिश फार्माकोपियातही त्याला जागा मिळाली.

आता गंमत बघा. झाड म्हैसूरचं. टिपू सुलतानानं 1792 साली त्याला राजवृक्ष ठरवलं, तेव्हापासून चंदन कुणाच्याही बांधावर उगवो, मालकी सरकारची. (शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, हे कुणी विचारलं नाही. रोप दिसलं की उपटून टाकलेलं बरं, असंच त्याला वाटत असणार.) लाकडाचा लिलाव व्हायचा, बराचसा माल जर्मनीला जायचा आणि तेल तिकडे निघायचं. खरा नफा तेलात होता.

1914 मध्ये महायुद्ध पेटलं. जर्मन गिऱ्हाईक गेलं, लाकूड पडून राहिलं. तेव्हा दिवाण होते विश्वेश्वरय्या, आपल्या पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले. राजे होते चौथे कृष्णराज वडियार. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये तेल काढण्याचे प्रयोग झाले, 1916 साली बेंगळुरूत कारखाना निघाला आणि पुढच्याच वर्षी खुद्द म्हैसुरात दुसरा. साबण त्यानंतरचा.

मग औषधाचं काय झालं? खरं सांगायचं तर तेलानं आग शमायची, पण रोग हटेलच याची खात्री नव्हती. 1930 च्या दशकात सल्फा औषधं आली, 1940 च्या दशकात पेनिसिलिन. कॅप्सूल मागे पडली, सुगंध उरला.

अलीकडे चामखिळीसारख्या त्वचाविकारांवर चंदनतेलाच्या चाचण्या झाल्या आहेत. पण प्रयोगाला तेल हवं, तेलाला गाभा हवा, आणि गाभा भरायला वीस-तीस वर्षं लागतात. स्पाइक रोगानं आणि चोरट्या तोडीनं जंगलातली जुनी झाडं विरळ झाली. सरकारी मालकीची अट कर्नाटकानं उठवली ती 2001 साली, टिपूनंतर दोनशे वर्षांनी. तेव्हा कुठे शेतकरी आपल्या बांधावर चंदन लावायला लागला.