लाल मातीची ओढ आणि गादीचा हिशेब

हेवीवेट मुष्टियुद्धाचे जुने रसिक आजच्या लढतींची तुलना महंमद अली, ज्यो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन यांच्या १९७०च्या दशकाशी करतात आणि बहुधा जुन्या काळाच्याच बाजूने कौल देतात. महाराष्ट्रात हा वाद कुस्तीच्या आखाड्यात रंगतो. पूर्वीसारखे धिप्पाड मल्ल आणि पूर्वीसारख्या निकाली कुस्त्या आता उरल्या नाहीत, ही हळहळ कोल्हापूर, सांगली, सातारा परिसरातील मैदानांवर हमखास ऐकू येते. मात्र ऑलिम्पिक पदकांची नोंद या हळहळीला वेगळे उत्तर देते.

माती आणि गादी

मातीच्या कुस्तीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मिसळून मुरवलेल्या लाल मातीत लढत होते. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून त्याला चितपट करणे, हाच विजयाचा परंपरागत निकष. पारंपरिक लढतीला गुणांचा हिशेब नसे आणि अनेकदा वेळेचे बंधनही नसे. साहजिकच वजन, दमसास आणि पकड यांना मोल आले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेले खासबाग मैदान या परंपरेचे मानचिन्ह मानले जाते. मधोमध हौदा आणि सभोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना आहे.

गादीवरील फ्रीस्टाइल कुस्ती प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. चितपट केल्यास लढत तिथेच संपते. अन्यथा ताबा मिळवणे, पाठ उघडी पाडणे, रिंगणाबाहेर ढकलणे यांचे गुण मोजले जातात. दहा गुणांची आघाडी मिळताच मल्ल विजयी ठरतो. सहा मिनिटांच्या या खेळात चपळाई आणि अखंड आक्रमण यांना महत्त्व येते. मातीत दबा धरून संधीची वाट पाहणाऱ्या मल्लाला गादीवर निष्क्रियतेची ताकीद मिळू शकते.

सुवर्णकाळाचे मानकरी

जुन्या काळाचा गौरव निराधार नाही. बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंग यांना नमवून पहिल्या हिंदकेसरीचा मान मिळवला. पुढच्याच वर्षी हा किताब गणपतराव आंदळकर यांच्याकडे आला. जकार्ता येथील १९६२च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आंदळकर आणि सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनीही वजनदार गटांत प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्यपदक जिंकले. लाल मातीत घडलेले हे मल्ल गादीवरही यशस्वी ठरले, ही बाब आजच्या तुलनेत अनेकदा निसटते.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला सुरू झाली. दिनकर दह्यारी पहिले विजेते ठरले. आज माती आणि गादी अशा दोन विभागांतील विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात आणि ती लढत गादीवर होते. चांदीच्या गदेचा हा किताब ८६ ते १२५ किलो वजनाच्या मल्लांसाठी आहे.

पदके कोणत्या वजनात?

ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. त्यानंतर भारतीय पुरुष मल्लांनी मिळवलेली ऑलिम्पिक पदकेही हलक्या आणि मध्यम गटांतीलच आहेत. सुशीलकुमारने २००८ आणि २०१२ मध्ये ६६ किलो, योगेश्वर दत्तने २०१२ मध्ये ६० किलो, टोकियोत रवी दहियाने ५७ आणि बजरंग पुनियाने ६५ किलो, तर २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतने ५७ किलो गटात पदक मिळवले. ६६ किलोपेक्षा अधिक वजनाच्या एकाही भारतीय मल्लाला आजवर ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या यशाचे चित्रही असेच आहे. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, तर २०१९च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक जिंकले. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादवचे २०१५चे जागतिक कांस्यपदकही ७४ किलो गटातील होते.

खाशाबांनंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली आणि तेही नेमबाजीत, कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळेच्या रूपाने, मिळाले.

हळहळीची किंमत

गावोगावच्या जत्रांत मैदानाची सुरुवात मुलांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते आणि सर्वांत मोठे इनाम शेवटच्या, पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीला असते. ती बहुधा वजनदार मल्लांची असते. शेतकरी कुटुंबातील मुलाचा खुराक, तालमीचा खर्च आणि पुढे नोकरीची आशा या इनामांवर आणि किताबांवर अवलंबून असते. ५७ किलोचा मल्ल कितीही निष्णात असला, तरी राज्यातील सर्वोच्च गदा त्याच्यासाठी नाही.

जुन्या-नव्याचा ताण २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही उघड झाला. गादी विभागाच्या लढतीत पाठ टेकली की नाही, यावरून वाद झाला. पराभूत मल्लाने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. चितपटीचा निकष जुना असला, तरी निर्णय क्षणार्धात द्यावा लागतो आणि त्यावर एका मल्लाचे संपूर्ण वर्ष ठरते.

हलगीच्या कडकडाटात शड्डू ठोकणाऱ्या भव्य मल्लाचे आकर्षण महाराष्ट्रात ओसरण्याची चिन्हे नाहीत. मात्र राज्याच्या कुस्तीतील एकमेव ऑलिम्पिक पदकाचा मानकरी त्या भव्यतेच्या चौकटीत बसणारा नव्हता. खाशाबा आज असते, तर महाराष्ट्र केसरीच्या गटासाठी त्यांचे वजन किमान २९ किलोंनी कमी पडले असते.