जन्मजात हृदयदोष : शस्त्रक्रियेची वेळ (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

हृदयाचे पडदे, झडपा किंवा मोठ्या रक्तवाहिन्या यांत जन्मतः असलेल्या दोषावर शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी, याचा निर्णय. हजार जन्मांमागे साधारण ८ ते १० बाळांत असा दोष आढळतो. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात.

सर्वांत घाईचा दोष म्हणजे महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल. जन्मतः उघडी असलेली धमनीनलिका मिटू लागली की बाळ निळे पडते. ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन देतात. पडद्याला छिद्र नसेल, तर तीन आठवड्यांच्या आत धमन्या आपापल्या जागी जोडाव्या लागतात. त्याहून उशीर झाला, तर कमी दाबाला सरावलेला डावा कप्पा शरीराचा भार पेलेनासा होतो. फॅलोच्या चतुर्दोषात बाळ फारसे निळे पडत नसेल, तर ६ ते १२ महिन्यांपर्यंत थांबता येते. वरच्या कप्प्यांमधले छिद्र २ ते ४ वर्षांच्या वयात बंद करतात.

खरा घात होतो तो खालच्या कप्प्यांमधल्या मोठ्या छिद्राबाबत. ‘वजन वाढू दे, मग ऑपरेशन करू,’ असे घरातले म्हणतात. पण या छिद्रातून फुप्फुसांत जादा रक्त जाते, दूध पिताना बाळाला धाप लागते, कपाळावर घाम येतो, न्यूमोनिया वारंवार होतो; वजन वाढत नाही ते यामुळेच. ही शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी, औषधांनी धाप आटोक्यात येत नसेल तर त्याहूनही लवकर. वर्षे गेली की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होतात, रक्ताची दिशा उलटते (आयझेनमेंगर विकार) आणि मग छिद्र बुजवणेच जिवावर बेतते. डाउन सिंड्रोमच्या बाळांत हे आणखी लवकर घडते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करतात. मुरबाड-शहापूरपासून डोंबिवलीपर्यंतच्या संशयित मुलांना पुढे टूडी इकोसाठी पाठवले जाते. ठाण्याचे ज्युपिटर, परळचे वाडिया बालरुग्णालय येथे बालहृदयशस्त्रक्रिया होतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचाही आधार आहे.

तरी अंगणवाडीतली तपासणी वरच्या कप्प्यांच्या छिद्राला पुरते, अदलाबदल झालेल्या धमन्यांना नाही. त्यासाठी कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय किंवा गल्लीतले खासगी प्रसूतिगृह, जन्म कुठेही होवो, चोवीस तासांनंतर उजव्या हाताला व एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन पाहिला पाहिजे. ९० टक्क्यांखालचा आकडा तातडीचा. खालच्या कप्प्यांमधले मोठे छिद्र मात्र या यंत्राला दिसत नाही. पहिल्या दिवसांत फुप्फुसांतला दाब जास्त असल्याने मर्मरही (छिद्रामुळे येणारा हृदयाचा जादा आवाज) ऐकू येत नाही. तो उमटतो काही आठवड्यांनी. म्हणून सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याच्या लसीकरणाला स्टेथोस्कोप लावणे आणि शांत झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजणे अत्यावश्यक आहे.